'रूट्स' ऐकताना : सेपुल्तुरा, शावान्ते आणि 'ट्रायबल' नावाचं लेबल

सुरुवातीला जो तुकडा ऐकवला, तो तुमच्यापैकी काहींना खटकला असणार. जाहिरात थ्रॅश मेटलवरच्या व्याख्यानाची, आणि गिटारचा गडगडाट कुठेच नाही! (हशा) तो तुकडा 'इत्सारी'. ब्राझीलच्या सेपुल्तुरा या बँडच्या 'रूट्स' या अल्बममधला. अल्बम आला फेब्रुवारी १९९६ मध्ये. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, हे चौघे मातो ग्रोसो राज्यातल्या शावान्ते आदिवासींच्या एका गावात गेले आणि तिथेच, उघड्यावर, हे ध्वनिमुद्रण झालं. इत्सारी म्हणजे शावान्ते भाषेत मुळं.

बँडचा पूर्वइतिहास थोडक्यात सांगतो. १९८४ साली बेलो होरिझोन्ते शहरात मॅक्स आणि इगोर काव्हालेरा या दोन भावांनी हा बँड काढला. तेव्हा देशात लष्करी राजवट होती, १९६४ पासूनची, ती १९८५ला संपली. पोरं मोटरहेड, स्लेयर ऐकत होती, इंग्रजी कच्चं होतं, पण गाणी इंग्रजीतच. १९८९चा 'बिनीथ द रिमेन्स' आणि १९९१चा 'अराइझ' हे थ्रॅशचे उत्तम अल्बम आहेत. पण खरं सांगू का, डोळे मिटून ऐकले तर हा बँड कॅलिफोर्नियाचा आहे म्हणून कोणी सांगितलं असतं तरी चाललं असतं. ब्राझील त्यांच्या पासपोर्टमध्ये होतं, वाजवण्यात अजून आलेलं नव्हतं.

ते आलं १९९३च्या 'केऑस ए.डी.'मध्ये. त्यात 'कायोवास' नावाचा शब्दाविना एक तुकडा आहे. जमीन हिरावली जात असताना सामूहिक आत्महत्येचा इशारा देणाऱ्या कायोवा लोकांवरून हे नाव घेतलं. गंमत म्हणजे तो मुद्रित झाला वेल्समधल्या एका पडक्या किल्ल्यात. म्हणजे आदिवासींविषयीचा तुकडा, आणि जवळपास एकही आदिवासी नाही. दोन वर्षांनी हीच मंडळी प्रत्यक्ष गावात जाऊन बसतात, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आता रिफकडे येऊ, कारण खरी घडामोड तिथे आहे. थ्रॅशमध्ये गाणं पळवतो तो गिटारवाल्याचा उजवा हात. तारेवर तळवा टेकवून तो तोडून तोडून मारायचा, घोडा दौडल्यासारखा, आणि ड्रमनं त्याच्या मागे धावायचं. 'रूट्स'मध्ये हे उलटं झालं. तारा खूप उतरवल्या, रिफ दोन-तीन स्वरांवर आले, वेग पडला. मॅक्स तर गिटारला चारच तारा ठेवतो! तेव्हा जुने चाहते चिडले, 'हे काय, वाजवायला विसरले का?' मला वाटतं त्यांनी ड्रमकडे कान दिला नाही. रिफ इतका साधा ठेवला म्हणून तर इगोरला बोलायला जागा मिळाली. 'रातामाहाता' ऐका. तिथे बाहियाचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन बरोबर आहे, शब्द पोर्तुगीज आहेत, आणि गिटार चक्क ढोलाचं काम करतेय. ठेका धरायचा, बस्स. अल्बमभर बाहेरचं काही चिकटवलंय असं जे फारसं वाटत नाही, त्याचं कारण मी इथे शोधतो.

पण आता माझी तक्रार. (हशा) या अल्बमवर सरसकट एक शब्द चिकटवतात : 'ट्रायबल'. काय आहे या शब्दात? 'अॅटिट्यूड'च्या सुरुवातीला बेरिंबाउ वाजतो. धनुष्याला एक तार आणि खाली भोपळा. तो आदिवासींचा नाही. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वारशातून तो आला आणि कापोएराबरोबर वाढला. ब्राउनचे ढोलही त्याच, बाहियाच्या काळ्या वस्त्यांच्या परंपरेतले. आणि शावान्तेंचं गाणं पूर्ण वेगळं : पुष्कळ पुरुष एका आवाजात गातात आणि पाय जमिनीवर आपटतात. एकाचे पूर्वज जहाजातून बांधून आणले, दुसऱ्याची होती तीच जमीन काढून घेतली. या दोन्ही गोष्टींना एकाच पिशवीत घालणारा शब्द ऐकणाऱ्याला आळशी करतो. आणि इथे बँडही निर्दोष नाही. मुखपृष्ठावरचा आदिवासी चेहरा कुठून आला माहीत आहे? ब्राझीलच्या एक हजार क्रुझेरोच्या नोटेवरून. म्हणजे सरकारनंच नोटेवर छापलेला चेहरा! मी पुष्कळ वर्षं त्याला उपरोध समजत होतो. आता तितकी खात्री वाटत नाही. नोटेवरच्या माणसाला नाव नसतं, आणि मुखपृष्ठावरही ते मिळालं नाही.

मग हा सगळा प्रकार लुटीचा का? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी उत्तर 'इत्सारी'च्या आतच शोधतो. त्यात गातात कोण? शावान्ते. मॅक्स काव्हालेरा, ज्याचा आवाज अल्बमभर कानठळ्या बसवतो, तो इथे गात नाही. बँड साध्या गिटारी आणि तालवाद्यं घेऊन साथीला बसला आहे. साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही, हे आपल्याकडे मैफलीत बसणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही; मेटलवाल्यांना ते स्वतःहून सुचलं. दुसरं, त्या आवाजाचे तुकडे करून इलेक्ट्रिक रिफखाली खमंग फोडणीसारखे टाकणं अगदी सोपं होतं. त्या काळात कित्येकांनी ते केलं, आणि खपलंही. इथे गाणं सलग राहिलं.

उणीव मला वेगळीच दिसते. 'इत्सारी' अल्बमच्या शेवटाकडे येतं, आणि लगेच पुढे येतं 'अॅम्बुश', चिको मेंडेसवरचं. रबराच्या झाडांसाठी आणि जंगलासाठी लढणारा हा कामगार पुढारी, डिसेंबर १९८८ मध्ये त्याला गोळी घातली. जंगलात राहणारे आणि जंगलासाठी मेलेला, ही दोन गाणी शेजारी आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. गावात जे शिकले ते पुढच्या गाण्यातल्या रिफमध्ये उतरलं असतं तर? पुढच्या अल्बमांत ते कदाचित झालंही असतं. पण १९९६च्या डिसेंबरात मॅक्स बँडमधून बाहेर पडला आणि त्यानं सोलफ्लाय काढला. १९९८च्या 'अगेन्स्ट'मध्ये उरलेल्या सेपुल्तुरानं जपानच्या कोडो ढोलवादकांना बोलावलं. तुकडा दमदार आहे, पण मला तो पाहुणचार वाटतो. शावान्तेंशी त्यांचं देणंघेणं होतं, एकाच देशाचं, एकाच सरकारचं. कोडोंशी तसं काही नव्हतं.

बरं, वेळ होत आलाय. प्रश्न घेण्याआधी 'इत्सारी' पुन्हा लावतो. या खेपेला गिटार सोडून द्या, आणि खाली जमिनीवर पाय पडतायत ते ऐका.