मोफत ऑनलाईन अभ्यासक्रम व विद्यार्थ्यांचे सातत्य : एक चिकित्सा

मोफत ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या चर्चेत नोंदणीचा आकडा अभिमानाने सांगितला जातो, पूर्ततेचा दबक्या आवाजात. एडएक्सच्या 2012 मधील 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स' या पहिल्या अभ्यासक्रमास 1,54,763 जणांनी नावे नोंदविली. प्रमाणपत्र मिळाले 7,157 जणांना. यावरून विद्यार्थ्यांत चिकाटी नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा होय. शुल्क नाही, पात्रतेची अट नाही, अशा ठिकाणी नाव नोंदविणे हे ग्रंथालयात पुस्तक चाळण्यासारखेच आहे. चाळलेले प्रत्येक पुस्तक वाचून संपवावे, असा आग्रह कोणताही ग्रंथपाल धरीत नाही.

तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. हार्वर्डच्या अभ्यासक्रमांविषयी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा हेतू आरंभीच नोंदविणाऱ्यांपैकीही सुमारे 22 टक्क्यांनाच प्रमाणपत्र मिळाल्याचे आढळले. म्हणजे ज्यांना खरोखर शिकावयाचे होते, त्यांतील बहुसंख्य गळाले.

'सायन्स' नियतकालिकातील 2019 च्या लेखात एमआयटी व हार्वर्डच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांची आकडेवारी आहे. 2017-18 मध्ये एकूण सहभागींपैकी 3.13 टक्क्यांनी, तर प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांपैकी 46 टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरले म्हणून सातत्य आले, असे मात्र म्हणता येणार नाही. पैसे भरणारा मुळातच निश्चयी असतो, शिवाय ऐपतीचाही.

भारतात एनपीटीईएलची रचना या दृष्टीने बोलकी आहे. शिकणे मोफत, पण दर आठवड्याचा स्वाध्याय ठरलेल्या तारखेस द्यावा लागतो, त्यास 25 गुण. उर्वरित 75 गुणांची परीक्षा शुल्क भरून, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घेण्यास मुभा दिली. तारीख, परीक्षा व श्रेयांक विद्यार्थ्यास धरून ठेवतात हे खरे. परंतु श्रेयांकाने हजेरी लागते, जिज्ञासा नव्हे. वस्तुनिष्ठ स्वाध्यायाची उत्तरे मित्राकडून उतरविणे अवघड नसते.

खरा दुवा महाविद्यालयातील समन्वयक ठरू शकतो. तिसऱ्या आठवड्यात इंग्रजी व्याख्यानापाशी अडलेल्या, घरातील एकच मोबाईल भावंडांसह वापरणाऱ्या विद्यार्थिनीस 'कुठवर आलीस?' असे विचारणारे कोणी हवे. हे काम अर्ज व शुल्काच्या स्मरणपत्रांपुरते ठेवले, कार्यभारात मोजले नाही आणि त्यासाठी वेळापत्रकात एक तासिकाही दिली नाही, तर ती विद्यार्थिनी चौथ्या आठवड्यात नसते. आणि तिची नोंद गळतीच्या रकान्यात, तिच्याच नावावर होते.