नाव, भोगवटा आणि मौन : कंपनीच्या मालकीविषयक कायद्याच्या भाषेचे परीक्षण

‘बेनामी’ या शब्दातील ‘बे’ हा फारसी उपसर्ग अभाव दर्शवितो. व्युत्पत्तीप्रमाणे त्याचा अर्थ ‘नाव नसलेले’ असा होतो. परंतु बेनामी मालमत्तेला नाव असतेच. ते केवळ दुसऱ्याचे असते. तेथे अभाव आहे तो नाव आणि त्याचा अर्थ यांतील संबंधाचा. कंपनीच्या खऱ्या मालकाचे नाव उघड करविणारे नियम हाच संबंध दंडाच्या बळावर टिकवू पाहतात. तो प्रयत्न कितपत सिद्धीस जातो, हे भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतील जमिनीच्या दफ्तराशी ताडून पाहणे उद्बोधक ठरेल.

मावळात मालकी ही बोलून दाखविण्याची गोष्ट होती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई आणि निवाड्याच्या महजरावर उपस्थितांची नावे नोंदली जात. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांचा ‘जेधे करीना’ हा घराण्याची व वतनाची हकिकत सांगणारा कागद याच परंपरेतील होय. गोतसभेत बलवंतांचे वजन पडत नसे, असे मानण्याचे कारण नाही. तथापि, नाव उच्चारले जाई ते ऐकणाऱ्यांच्या समक्ष, हे तिचे वैशिष्ट्य होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (1966) हे तत्त्व निराळ्या रूपाने जपले आहे. कलम 150 अन्वये फेरफार नोंदविताच त्याची प्रत चावडीत लावावी लागते, संबंधितांना कळवावे लागते आणि हरकतीस अवसर द्यावा लागतो.

मात्र सातबाऱ्यावरील शब्द ‘मालक’ हा नसून ‘भोगवटादार’ हा आहे. तो भोगणाऱ्याकडे बोट दाखवितो. भोगवटादार माणूस असेतो हा शब्द सार्थ ठरतो. भोगवटादाराच्या जागी कंपनीचे नाव आले म्हणजे तो अर्धवट राहतो, कारण कंपनी भोगते ती कोणासाठी, हे चावडीवरील कागद सांगत नाही. लवासा प्रकल्पाच्या क्षेत्रात मुळशीप्रमाणेच वेल्ह्यातील गावेही होती. म्हणजे कंपनी हा पक्ष या डोंगरांना अपरिचित नाही. त्या प्रकल्पाची प्रवर्तक कंपनी सर्वज्ञात होती. येथे प्रश्न आहे तो ज्या कंपन्यांच्या मागे आणखी कंपन्याच उभ्या असतात, त्यांचा.

त्यासाठी कंपनी अधिनियम, 2013 मधील कलम 90 आणि 2018 चे नियम आहेत. जी व्यक्ती अप्रत्यक्षपणे, वा प्रत्यक्ष धारणेसह, किमान 10 टक्के भाग, मताधिकार वा लाभांश यांची धनी आहे, किंवा अन्य मार्गाने कंपनीवर नियंत्रण ठेवते, तिने आपले नाव कंपनीस कळवावे आणि कंपनीने ते निबंधकाकडे पाठवावे, असा हा दंडक आहे. 2019 च्या दुरुस्तीने न कळविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली. 2020 च्या दुरुस्तीने ती काढून घेतली. आता व्यक्तीस 50,000 रुपये व पुढे दररोज 1,000 रुपये, परंतु एकूण 2 लाखांपर्यंतच शास्ती होते. कंपनीसाठी ही मर्यादा 5 लाखांची आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देणे वा घोषणापत्रात महत्त्वाची माहिती दडविणे मात्र कलम 447 खालील कपटात मोडते आणि तेथे कारावास आहे.

असत्य आणि मौन यांत कायद्याने केलेला हा भेद नीतिशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय आहे. परिणामाच्या दृष्टीने नाही. घोषणापत्र भरून खोटे बोलणाऱ्यास तुरुंगाची भीती आणि घोषणापत्रच न भरणाऱ्यास मर्यादित शास्ती, असे झाले म्हणजे मौन स्वस्त होते. भागांवरील हक्क गोठविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. परंतु त्यासाठी कंपनीने आधी प्रश्न विचारला पाहिजे, आणि मौनाचा लाभ कित्येकदा तिच्याच चालकांना होत असतो.

मे 2024 मध्ये दिल्लीच्या निबंधकांनी लिंक्डइनची भारतीय कंपनी, सत्य नडेला व इतर यांच्यावर मिळून सुमारे 27 लाख रुपयांची शास्ती लादली. आदेशाचे कायदेशीर महत्त्व निर्विवाद आहे. पण ज्यांची नावे अवघ्या जगास ठाऊक आहेत, त्यांच्यावर हा कायदा सहज चालतो. ज्याचे नाव कोणासच ठाऊक नाही, त्याच्यापुढे तो अडखळतो.

याचे मूळ शास्तीच्या रकमेहून खोल आहे. नाव सांगणे या क्रियेस ऐकणारा लागतो. कलम 90 ची नोंदवही पाहण्याचा अधिकार कंपनीच्या सभासदांना आहे; शेजारच्या बांधावरील शेतकऱ्यास नाही. खाजगीपणाचा आक्षेप येथे दुर्लक्षणीय नव्हे. युरोपीय न्यायालयाने 22 नोव्हेंबर 2022 रोजी अशा नोंदवह्या सरसकट सर्वांना खुल्या करणे अमान्य केले. परंतु न्याय्य हितसंबंध असणाऱ्यांचा मार्ग बंद केला नाही. ज्याची वाट वा पाणी त्या जमिनीतून जाते, त्याचा हितसंबंध याहून न्याय्य कोणता असू शकेल?

म्हणून कंपनीच्या नावे फेरफार होताना कलम 90 खालील व्यक्तीचे नावही चावडीवरील प्रतीत यावे आणि ते नसेल तर नोंद प्रमाणित होऊ नये. मौनाची किंमत पैशांत मोजली जाते तोवर ती परवडणाऱ्याला परवडते. ज्या जमिनीसाठी मौन पाळले, तिची नोंदच अडली, तर परवडणार नाही. चावडी आजही उभी आहे. तिला ऐकू येईल अशा जागी नाव उच्चारण्याचे बंधन तेवढे कायद्याने घालावयाचे उरले आहे.