रेंज गेल्यावर मारिओ

आलापल्ली ते सिरोंचा हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता बहुतांशी जंगलातून जातो. एसटीतली पोरं गाडी सुटल्यापासून फोनमध्ये डोकं घालून असतात. मग मधेच कुठेतरी रेंज जाते आणि कोण काय खेळत होतं ते न विचारता कळतं. काहींच्या पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं. ते दोन मिनिटं वाट बघतात, फोन खिशात टाकतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. मागच्या सीटवरचे चौघे मात्र एकच फोन हातोहात फिरवत लुडो खेळत राहतात. रेंज गेल्याचा त्यांना पत्ताही नसतो. सिरोंचा जवळ आलं की रेंज परत येते. कधी कधी ती प्राणहितेपलीकडच्या, तेलंगणातल्या टॉवरची असते.

जपानी व्हिडिओ गेम कंपन्या मोबाइलकडे कशा वळल्या याबद्दल गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ लिहून झालंय. त्यात साधारण दोन सूर ऐकू येतात. बाजाराचे अभ्यासक म्हणतात, हे होणारच होतं; फोन प्रत्येकाच्या हातात आहे, तेव्हा खेळही प्रत्येकापर्यंत पोचणार. जुने खेळाडू म्हणतात, हा विश्वासघात आहे; चांगले खेळ बनवणारी माणसं पैशांसाठी टाइमपास विकायला लागली. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे मोबाइलमुळे खेळ जास्त दूर पोचला. वाद फक्त त्याची किंमत काय मोजावी लागली, एवढाच. मला हे गृहीतकच पटत नाही. सिरोंच्यातून बघितलं तर हे खेळ मोबाइलवर आले तेव्हा जवळ येण्याऐवजी आणखी लांब गेले असं दिसतं.

आधी घडलं काय, ते थोडक्यात. २०११ साली निन्टेन्डोचे प्रमुख सातोरू इवाता अमेरिकेत गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत बोलले. फोनवरच्या फुकट आणि फुकटसारख्या खेळांमुळे खेळाची किंमतच उरणार नाही, ही त्यांची काळजी होती. पुढच्या वर्षी गंगहो या कंपनीचा 'पझल अँड ड्रॅगन्स' फोनवर आला, आणि २०१३च्या मे महिन्यात शेअर बाजारात गंगहोची किंमत काही काळ चक्क निन्टेन्डोच्याही वर गेली. मार्च २०१५मध्ये इवातांनीच डीएनए या मोबाइल कंपनीशी करार जाहीर केला. त्याच वर्षी जुलैत ते वारले. त्याच वसंतात कोनामीचे नवे अध्यक्ष हिदेकी हायाकावा यांनी भविष्य मोबाइलमध्ये आहे असं सांगून टाकलं, आणि वर्ष संपायच्या आत हिदेओ कोजिमा त्या कंपनीतून बाहेर पडले होते.

कोनामी हे नाव आपल्याकडच्या कुणाला फारसं माहीत नसेल, पण 'कॉन्ट्रा' माहीत असतो. नव्वदच्या दशकात ज्या घरात टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' होता, त्या घरात कॉन्ट्रा आणि मारिओ होतेच. यंत्रावर नाव असायचं समुराई, मीडिया किंवा लिटल मास्टर. आत होती निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. निन्टेन्डोला त्यातून एक रुपयाही मिळाला नसेल. कॅसेटवर 'एवढे लाख गेम एकात' असं लिहिलेलं असायचं आणि आत तेच वीस-पंचवीस खेळ फिरून फिरून यायचे. चोरीचा माल होता, ते मी नाकारत नाही. पण कॅसेट ही वस्तू होती. चालली नाही तर काढून फुंकर मारायची. मित्राला दोन दिवस द्यायची, त्याच्याकडची आणायची. वीज असेल तोवर खेळायचं. खेळ आणि खेळणारा यांच्यामध्ये महावितरण सोडलं तर तिसरं कुणी नव्हतं.

आता याच कोनामीने २०१५ साली काय केलं ते बघा. 'पी.टी.' नावाचा एक विलक्षण भयखेळ, खरं तर येऊ घातलेल्या मोठ्या खेळाचा नमुना, त्यांनी आदल्या वर्षी डाउनलोडसाठी दिला होता. मोठा खेळ रद्द झाला आणि नमुनाही दुकानातून काढून घेतला गेला. ज्यांनी यंत्रातून तो पुसला होता त्यांना तो परत उतरवता येईना. हे मोबाइलवर नव्हे, प्लेस्टेशनवर घडलं. पण मोबाइलवर नंतर जे सर्रास झालं त्याची ही रंगीत तालीम म्हणता येईल. एकाच कंपनीचा १९८८ सालचा कॉन्ट्रा आजही कुठल्यातरी माळ्यावरच्या कॅसेटमधून चालू होईल. २०१४ सालचा पी.टी. नव्या माणसाला सरळ मार्गाने खेळता येणार नाही.

दूर पोचण्याचं खरं तंत्र जपान्यांना फोनच्या आधीच सापडलं होतं. निन्टेन्डोतले गुनपेइ योकोइ यांनी बुलेट ट्रेनमध्ये एका नोकरदाराला कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेलं पाहिलं आणि त्यातून १९८० सालचा 'गेम अँड वॉच' निघाला. योकोइंचं सूत्र असं, की जुनं, स्वस्त झालेलं, पुरतं कळलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं. १९८९चा गेम बॉय त्याच सूत्रावर उभा होता. पडदा रंगीत नाही, उजेड नाही, चार पेन्सिल सेल. सेगाचा रंगीत पडद्याचा गेम गिअर सहा सेल भराभर खायचा आणि मागे पडला. आपल्या जत्रांमध्ये 'ब्रिक गेम' नावाने विकली जाणारी विटा रचायची प्लास्टिकची खेळणी ही या विचाराची अनौरस भावंडं. दुर्गम हा शब्द योकोइंनी वापरला नव्हता, पण दुर्गम भागात काय टिकतं हे त्यांच्या यंत्रांना ठाऊक होतं.

म्हणूनच डिसेंबर २०१६चा 'सुपर मारिओ रन' मला सगळ्यात दुःखद वाटतो. वाईट असता तर प्रश्न नव्हता. मारिओ आपला आपण पळतो. आपण फक्त अंगठ्याने उडी मारायची. लहान अडथळा आला तर तो स्वतःच हात टेकवून ओलांडतो, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्याला स्पर्श केला तर त्या ओलांडण्याचीच सुंदर उडी होते. एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या प्रवाशासाठी बनवलेला खेळ. योकोइंच्या त्या नोकरदाराचाच नातू म्हणा. किंमतही सरळ होती. सुरुवात फुकट, मग एकदाच ९.९९ डॉलर, नंतर कुणी हात पसरणार नाही. पण खेळायला इंटरनेट सतत सुरू हवं. शिगेरू मियामोतो यांनी कारण दिलं, चोरी रोखायची आहे. बोगद्यात शिरलेल्या टोकियोच्या आणि न्यूयॉर्कच्या प्रवाशांनी आरडाओरडा केला. आमच्या रस्त्यावर तासभराचा बोगदा आहे, त्याला छप्पर तेवढं नाही. ज्या चोरीने मारिओला विदर्भातल्या खेड्यापाड्यांत आणलं, तीच थांबवताना मारिओच तिथून उठला.

शिवाय हा सरळ व्यवहार चाललाही नाही. एकदाच पैसे देणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले. दोनच महिन्यांनी आलेल्या 'फायर एम्ब्लेम हीरोज'ने निन्टेन्डोच्या इतर मोबाइल खेळांपेक्षा कितीतरी जास्त कमावलं, कारण तो 'गाचा' होता.

गाचा म्हणजे काय ते किराणा दुकानातून खाऊ घेतलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आठ आण्याला एक ओढायची. वर मोठा फुगा, खाली शिट्ट्या आणि अंगठ्या. जपानात हेच नाणं टाकून गोल डबी बाहेर पडणाऱ्या यंत्राच्या रूपात होतं, त्याच्या आवाजावरून हा शब्द आला. टीकाकार दोन्हींना जुगार म्हणून मोकळे होतात. मला त्यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. पुठ्ठ्यावर शंभर चिठ्ठ्या असतील आणि मोठा फुगा एक, तर प्रत्येक हुकलेल्या चिठ्ठीनंतर फुगा जवळ येतो. शंभरावी चिठ्ठी ओढणाऱ्याला तो मिळतोच. दुकानदार लबाड असेल तर गोष्ट वेगळी. पण तो समोर बसलेला असतो, त्याच्याशी भांडता येतं. फोनमधल्या गाचात ओढलेली चिठ्ठी जणू परत पुठ्ठ्यावर चिकटवली जाते. शंभरात एक अशी शक्यता असेल, तर शंभर वेळा ओढूनही शंभरातल्या सुमारे सदतीस जणांच्या हाती काहीच लागत नाही. आणि एकशे एकाव्या वेळीही शक्यता तेवढीच. पुठ्ठा कधी संपतच नाही.

जपानलाही हे कळलं, पण ठेचा खाऊन. २०१२ साली तिथल्या ग्राहक खात्याने 'कम्प्लीट गाचा' बंद करायला लावला. त्यात चिठ्ठ्यांतून निघालेल्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस मिळायचं. २०१६च्या सुरुवातीला 'ग्रॅनब्लू फँटसी'मध्ये एका खेळाडूने एका पात्रासाठी जवळपास ७ लाख येन घालवले आणि ते सगळ्यांनी थेट प्रक्षेपणात पाहिलं. त्यानंतर कंपनीने मर्यादा घातली, की ३०० वेळा ओढल्यावर हवं ते पात्र निवडून घ्या. म्हणजे ९० हजार येन मोजल्यावर. या मर्यादेला जपानीत 'छत' म्हणतात. पुठ्ठा पुन्हा मोजता येण्याजोगा केला, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडच्या किराणा दुकानात छत आठ आणे गुणिले शंभर, म्हणजे पन्नास रुपयांवर होतं.

सुपर मारिओ रन आला त्याच आठवड्यात 'पोकेमॉन गो' भारतात अधिकृतपणे आला, रिलायन्स जिओला सोबत घेऊन. जिओची आणि रिलायन्सची दुकानं खेळातली ठाणी झाली. त्याआधीच देवळांत अंडी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली होती, आणि लोक तिच्यावर हसले होते. मला ती तेवढी हास्यास्पद वाटत नाही. आमच्या जागेवर आम्हाला न विचारता कुणी काय ठेवलं, हा प्रश्न चुकीच्या शब्दांत विचारला गेला, एवढंच. हा खेळ बनवणाऱ्या नायँटिकने आपला नकाशा आधीच्या 'इन्ग्रेस' या खेळावरून घेतला. त्यातल्या जागा खेळाडूंनीच सुचवलेल्या. साहजिकच जिथे इन्ग्रेस खेळणारे होते तिथे पुतळे, कारंजी, चौक नोंदले गेले. मुंबई-पुण्याच्या गल्लीगल्लीत खूण उमटली. जिथे तसे खेळाडू नव्हते तिथे गाव असून नसल्यासारखं.

आणि नेमका सिरोंचा तालुका! वडधमला जीवाश्म उद्यान आहे. कोटा गावावरून एका आख्ख्या शिलास्तराला नाव मिळालंय. पोचमपल्लीजवळ 'बारापासॉरस टागोराय' सापडला, सुमारे चौदा मीटर लांबीचा डायनोसॉर. पहिला शोध रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराचा, म्हणून टागोराय. 'बारा पा' म्हणजे मोठा पाय. सांगाडा मात्र कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. पोकेमॉनमध्ये पहिल्या खेळापासून जीवाश्म सापडतात, त्यांतून जुने प्राणी जिवंत होतात. पायाखालच्या मातीत दडलेला राक्षस हुडकत हिंडायचं, या कल्पनेला सिरोंच्याइतकी लायक जागा देशात थोडीच असेल. पण त्यासाठी कुणीतरी इथे येऊन खूण करायला हवी होती.

मग खेळ पोचला तो कुठला? त्या बसमध्ये मागे चालला होता तो. 'लुडो किंग' नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा, २०१६चाच. त्याचं कौतुक करताना मला जरा जड जातं. दिसायला भडक, जाहिरातींनी बुजबुजलेला, आणि फाशाबद्दल हरणाऱ्या प्रत्येकाला संशय. घडणीत तो मारिओच्या जवळपासही नाही. पण नेट नसताना चौघांत एक फोन फिरवून खेळायची सोय त्यात आहे. 'अन्ना, ओक्क चान्स' म्हणत पाचवा येऊन बसतो. घरी तेलुगू, शाळेत मराठी बोलणारी ही पोरं, खेळताना दोन्ही. योकोइंचं सूत्र कुणी पाळलं असेल तर या सुमार खेळाने.

निन्टेन्डो स्वतः त्यानंतर मोबाइलपासून हळूहळू मागे सरकली. 'डॉक्टर मारिओ वर्ल्ड' २०१९ साली आला, २०२१ साली सर्व्हर बंद झाले आणि खेळही संपला. मारिओच्या नव्या खेळांचा मुख्य मार्ग मोबाइल नसेल, असं मियामोतो यांनी २०२३मध्ये सांगितलं. सगळ्यात बोलकी गोष्ट 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग पॉकेट कॅम्प'ची. सात वर्षं चाललेली सेवा नोव्हेंबर २०२४मध्ये बंद केली आणि लगेच तोच खेळ एकदाच पैसे घेऊन, नेटशिवाय खेळता येईल अशा रूपात पुन्हा विकायला काढला. म्हणजे कॅसेट! अर्थात मूळ अडचण यातूनही सुटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा देखणा खेळ २०२० साली सर्वांत आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आणला, आणि तेव्हा स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पुण्याचा खेळ पुण्यातच आडवाटेने आणलेल्या यंत्रावर खेळायचा, मग सिरोंच्याचं तर सोडूनच द्या.

एप्रिल २०२२मध्ये प्राणहिता पुष्कराला सिरोंच्यात बारा दिवस माणसांचा पूर होता. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खेळण्यांची दुकानं लागली होती, आणि एका दुकानात फुगे-बंदुकांच्या मधे ब्रिक गेम टांगलेला. मी भाव विचारला. दुकानदाराने खिशातून दोन पेन्सिल सेल काढून त्यात घातले, विटा पडताना दाखवल्या, आवाजही करून दाखवला. मी पैसे दिल्यावर त्याने सेल काढून परत खिशात ठेवले. म्हणाला, ते वेगळे घ्यावे लागतील.