संवाद, जल्प आणि सभा : हार्वर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिटिक्स’चे एक परीक्षण

विद्यापीठाने राज्यशास्त्र शिकवावे, याविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या अंगी नागरिकत्वाची जाणीव बाणवणे आणि त्याला प्रत्यक्ष धोरणचर्चेत उतरवणे हेही विद्यापीठाचे काम आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या रीतीने पार पाडावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या कामासाठी विद्यापीठांनी ज्या स्वतंत्र संस्था काढल्या, त्यांत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिटिक्स’ या संस्थेचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. तिच्या इतिहासातील काही प्रसंग असे आहेत की, त्यांच्या परीक्षणातून ‘संवाद’ या संकल्पनेच्याच मर्यादा स्पष्ट व्हाव्यात.

अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या 1963 मध्ये झाली. ते हार्वर्डचे 1940 सालचे पदवीधर. त्यांच्या स्मरणार्थ 1966 मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठाच्या लोकप्रशासन विद्यालयाला केनेडींचे नाव देण्यात आले. तरुण पदवी-विद्यार्थ्यांना राजकारण व लोकसेवा यांकडे वळवावे आणि विद्वान व राज्यकर्ते यांच्यामधील अंतर कमी करावे, हा संस्थेचा दुहेरी हेतू होता. पहिले संचालक रिचर्ड न्यूस्टाट हे स्वतः या दोन्ही जगांत वावरलेले गृहस्थ होते. त्यांच्या 1960 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रेसिडेन्शियल पॉवर’ या ग्रंथाचा मध्यवर्ती सिद्धान्त असा की, अध्यक्षाची खरी सत्ता आज्ञा देण्यात नसून इतरांचे मन वळवण्यात असते. हा सिद्धान्त येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण मन वळवणे ही क्रिया समोरच्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य असेल तेव्हाच अर्थपूर्ण ठरते.

संस्थेने आरंभीच एक उपक्रम योजला. शासनातील एखाद्या श्रेष्ठ व्यक्तीला सन्माननीय पाहुणा म्हणून काही काळ विद्यापीठात बोलवावे आणि विद्यार्थ्यांच्या लहान लहान गटांशी तिचे अनौपचारिक बोलणे घडवून आणावे, असे त्याचे स्वरूप होते. त्यानुसार नोव्हेंबर 1966 मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा हार्वर्डला आले. त्या वर्षाच्या अखेरीस व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांची संख्या पावणेचार लाखांच्या वर गेली होती. युद्धविरोधी विद्यार्थ्यांच्या ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’ या संघटनेने मागणी केली की, मंत्र्यांनी ‘रॅम्पार्ट्स’ या नियतकालिकाचे संपादक रॉबर्ट शीर यांच्याशी जाहीर वादविवाद करावा. संस्थेने ती अमान्य केली. पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. 7 नोव्हेंबर रोजी क्विन्सी हाउसमधील बैठक आटोपून मंत्री बाहेर पडले, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांनी त्यांची मोटार अडवली. मंत्री मोटारीवर चढून उभे राहिले आणि एक-दोन प्रश्नांची उत्तरे देण्याची त्यांनी तयारी दर्शवली. युद्धाचा उगम आणि त्यात मरण पावणारे नागरिक यांविषयी त्यांना विचारण्यात आले. आरडाओरडा वाढला. आपण विद्यार्थिदशेत याहून कणखर होतो आणि आजही आहोत, अशा अर्थाचे उत्तर देऊन ते खाली उतरले. बार्नी फ्रँक या तरुण अध्यापकाने, जे पुढे दीर्घकाळ काँग्रेसचे सभासद होते, त्यांना इमारतींखालच्या भुयारी वाटांनी सुखरूप बाहेर नेले. विद्यापीठाच्या वतीने दिलगिरी व्यक्त करण्यात आली. अडीच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीही माफीपत्रावर सह्या केल्या.

या प्रसंगाचा अर्थ लावताना बहुधा दोनच भूमिका घेतल्या जातात. एका भूमिकेनुसार विद्यार्थ्यांनी शिष्टाचाराचा भंग करून संवादाचा गळा घोटला. दुसरीनुसार संस्थेने सत्ताधाऱ्याला लोकांच्या प्रश्नांपासून लपवले आणि विद्यार्थ्यांनी ती लबाडी उघडी पाडली. दोन्ही भूमिकांत सत्याचा अंश आहे. पण दोन्हींत ‘संवाद’ हा शब्द एकाच प्रकारच्या व्यवहाराचा वाचक मानला आहे, आणि विचाराचा घोटाळा येथेच होतो.

भारतीय न्यायदर्शनाने हा भेद फार पूर्वी केला आहे. न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांमधील विचारविनिमयाचे, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. प्रमाण व तर्क यांच्या साह्याने तत्त्वनिर्णयासाठी चालते ती कथा म्हणजे वाद. तो गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा असूयारहित मंडळींमध्ये करावा असे सूत्रकार सांगतात. जल्प विजयासाठी चालतो आणि त्यात छल, जाती, निग्रहस्थान ही शस्त्रे वापरली जातात. वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन असते. विशेष हे की, सूत्रकार जल्प आणि वितंडा यांना सर्वस्वी त्याज्य ठरवत नाहीत. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचाही उपयोग आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ही कसोटी लावली म्हणजे 1966 च्या प्रसंगाचे स्वरूप निराळे दिसू लागते. संस्थेने योजलेली बैठक बाह्यतः वादाच्या जातीची होती : लहान गट, सौम्य वातावरण, विजयाची अपेक्षा नाही. परंतु वादाची मूलभूत अट तेथे पूर्ण होत नव्हती. मंत्री हा त्या विद्यार्थ्यांचा सहाध्यायी नव्हता, गुरूही नव्हता. ज्या धोरणाविषयी बोलायचे त्या धोरणाचा तो कर्ता होता, आणि ऐकणारे त्या धोरणाचे भावी विषय होते. सक्तीची सैन्यभरती वयाच्या अठराव्या वर्षापासून लागू होती. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणारी सवलत तात्पुरती होती, आणि त्याच वर्षी ती वर्गातील क्रमांकाशी व परीक्षेतील गुणांशी जोडली गेली होती. उलट बहुतेक राज्यांत मताधिकाराला एकविसावे वर्ष पूर्ण व्हावे लागे. अठरा वर्षांच्या नागरिकाला सर्वत्र मत देणारी घटनादुरुस्ती 1971 मध्ये झाली. म्हणजे क्विन्सी हाउसच्या बाहेर उभ्या असलेल्या अनेक तरुणांना युद्धावर पाठवता येत होते, पण युद्ध करणाऱ्या शासनाला मत देता येत नव्हते. त्यांच्या हाती प्रश्न विचारणे एवढेच नागरिकत्व शिल्लक होते. तो प्रश्न निवडक श्रोत्यांच्या खोलीपुरता मर्यादित केल्यावर रस्त्यावरचा जल्प अटळ झाला. तो शोभादायक नव्हता हे खरे. परंतु कुंपण काटेरी आहे अशी तक्रार करणाऱ्याने आत अंकुर आहे की नाही हेही पाहिले पाहिजे.

येथे संस्थेची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. बंद दाराआडची चर्चा निष्फळच असते असे म्हणता येणार नाही. याच संस्थेच्या आश्रयाने 1966 पासून इतिहासकार अर्नेस्ट मे यांच्या अध्यक्षतेखाली विद्वान व अनुभवी प्रशासक यांचा एक अभ्यासगट भरू लागला. शासनाचे निर्णय आणि त्यांची अंमलबजावणी यांमध्ये तफावत का पडते, याचा तो विचार करी. ग्रॅहॅम ॲलिसन यांचा क्यूबाच्या क्षेपणास्त्र-पेचावरील ‘एसेन्स ऑफ डिसिजन’ (1971) हा ग्रंथ त्या चर्चांतूनच आकाराला आला, आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याने मानाचे स्थान मिळवले. येथे खरा वाद झाला, कारण सहभागी लोक परस्परांचे समकक्ष होते आणि निष्कर्ष ग्रंथरूपाने सर्वांच्या परीक्षणासाठी खुला झाला. तात्पर्य, दोष खोलीच्या बंद दाराचा नसून, त्या खोलीतील बोलणे जाहीर उत्तरदायित्वाचा पर्याय म्हणून पुढे केले जाण्यात आहे.

पुढील काळात संस्थेने हा धडा काही अंशी आत्मसात केला असे दिसते. 1978 मध्ये विद्यालयाच्या नव्या इमारतीत एक विस्तीर्ण सभागृह उभारले गेले, आणि संस्थेच्या जाहीर सभा तेथे होऊ लागल्या. 2003 मध्ये त्याला केनेडींच्या दिवंगत पुत्राचे नाव मिळाले. तेथे वक्त्याच्या भाषणानंतर श्रोत्यांनी ध्वनिक्षेपकापाशी येऊन प्रश्न विचारावेत अशी प्रथा पडली. प्रश्न थोडक्यात असावा आणि त्याच्या शेवटी खरोखर प्रश्नचिन्ह असावे, हा तेथील संकेत प्रसिद्ध आहे. वरकरणी ही किरकोळ शिस्त वाटेल. पण तिच्यामुळे श्रोत्याचे भाषण आवरले जाते आणि वक्त्याची सुटका होत नाही. 1995 मध्ये मॅक्नमारा यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात युद्धधोरण चुकले होते अशी कबुली दिली. त्यानंतर याच सभागृहात त्यांना जाहीर प्रश्नांस तोंड द्यावे लागले आणि एका माजी सैनिकाशी त्यांची तीव्र शाब्दिक चकमक झाली. 1966 मध्ये जो प्रश्न मोटारीभोवती अडकला होता, तो 29 वर्षांनी सभेत आला. मात्र तोवर त्या प्रश्नाचे उत्तर कोणाचेही प्राण वाचवू शकत नव्हते. जाहीर प्रश्नाचे मूल्य तो वेळेवर विचारला जाण्यावर किती अवलंबून असते, याचे याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण.

परंतु सभागृह बांधल्याने मूळ प्रश्न संपला नाही. त्याने नवे रूप घेतले. सत्तेच्या वर्तुळातील व्यक्तींना काही काळ ‘फेलो’ म्हणून नेमून त्यांच्याकडून विद्यार्थ्यांसाठी गुणांकनाविना अभ्यासवर्ग चालवणे हा संस्थेच्या कार्याचा मोठा भाग आहे. सप्टेंबर 2017 मध्ये चेल्सी मॅनिंग यांचे नाव अतिथी फेलो म्हणून घोषित झाले. लष्कराची गोपनीय कागदपत्रे उघड केल्याबद्दल त्यांना 2013 मध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली होती आणि 2017 च्या जानेवारीत अध्यक्ष ओबामा यांनी ती कमी केली होती. मध्यवर्ती गुप्तचर संस्थेचे तत्कालीन प्रमुख माइक पॉम्पिओ यांनी निषेध म्हणून विद्यालयातील आपला कार्यक्रम रद्द केला; त्याच संस्थेचे माजी उपप्रमुख मायकेल मॉरेल यांनी विद्यालयातील आपले पद सोडले. लगेच विद्यालयाचे प्रमुख डग्लस एल्मेंडॉर्फ यांनी मॅनिंग यांची फेलो ही पदवी मागे घेतली. फेलो हे पद लोकांना सन्मान वाटते. भाषणाचे निमंत्रण मात्र कायम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

सन्मान आणि व्यासपीठ यांतील हा भेद तत्त्वतः ग्राह्य आहे. ज्याचे ऐकावे त्याचा गौरव केलाच पाहिजे असे नाही. तथापि, तो भेद तेव्हाच विश्वसनीय ठरतो जेव्हा तो सर्वांना सारखा लागू होतो. त्याच वर्षीच्या यादीत अध्यक्ष ट्रम्प यांचे माजी प्रवक्ते शॉन स्पायसर आणि त्यांच्या प्रचाराचे एकेकाळचे व्यवस्थापक कोरी लेवांडोव्स्की यांची नावे तशीच राहिली. मॅनिंग यांच्या कृत्याविषयी कोणाचे काहीही मत असो, सन्मान मागे घेण्याचा विचार शासनाच्या गुप्तचर-प्रमुखाच्या निषेधानंतर सुचावा, हा क्रम बोलका आहे. ज्या संस्थेचे भांडवल सत्ताधीशांशी असलेली जवळीक हेच आहे, तिला त्या जवळिकीची किंमतही मोजावी लागते.

जानेवारी 2021 मधील निर्णय याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. काँग्रेसच्या सभासद एलिस स्टेफनिक विद्यार्थिदशेत याच संस्थेच्या विद्यार्थी-नेतृत्वात होत्या आणि पुढे तिच्या ज्येष्ठ सल्लागार समितीवर आल्या. नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीविषयी त्यांनी पुराव्याविना आरोप केले, या कारणावरून त्यांना समितीतून दूर करण्यात आले. हा निर्णय पक्षीय होता अशी टीका झाली. येथेही न्यायशास्त्राची कसोटी उपयोगी पडते. वादात कोणताही पक्ष वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते प्रमाणाचा त्याग करणे. त्या दृष्टीने दिलेले कारण समर्थनीय होते. परंतु 2017 मध्ये प्रमाणाची कसोटी पुढे आली नव्हती, प्रतिष्ठेची आली होती. दोन प्रसंगी दोन कसोट्या लावल्यामुळे दुसरा योग्य निर्णयही संशयास्पद वाटू लागला, हे संस्थेने स्वतः ओढवून घेतलेले नुकसान होय.

2024 च्या निवडणुकीनंतर संस्थेच्या विद्यार्थी-अध्यक्षानेच पक्षनिरपेक्षतेचे धोरण सोडावे असे लेखी प्रतिपादन केले आणि संस्थेच्या चालकांनी ते नाकारले. चालकांचा नकार योग्यच म्हणावा लागेल. विद्यापीठाची संस्था एका पक्षाची झाली की तेथे पूर्वपक्ष मांडणारा कोणी उरत नाही, आणि पूर्वपक्षाविना उत्तरपक्षाला अर्थ नसतो. मात्र विद्यार्थ्याच्या अस्वस्थतेचे मूळ खोटे नव्हते. पक्षनिरपेक्षता म्हणजे सर्व पक्षांच्या मोठ्या माणसांना पाळीपाळीने बोलावणे असा अर्थ रूढ झाला, तर ती केवळ शिष्टाचाराची समता ठरते. प्रमाणाविषयी कठोर आणि पक्षाविषयी उदार असणे ही खरी पक्षनिरपेक्षता. ती पहिल्या प्रकाराहून पुष्कळ अवघड आहे.

या विवेचनावरून विद्यार्थ्यांच्या नागरी शिक्षणासाठी स्थापन होणाऱ्या कोणत्याही संस्थेचे मूल्यमापन करताना तीन गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली, तेथे विषय कोण ठरवतो आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार निमंत्रितांपुरताच असतो काय. दुसरी, जो सत्तेचा वापर करतो त्याने उत्तर देण्याचे स्थळ खुले असते की खासगी. तिसरी, कोणाला सन्मान द्यावा व कोणाचा काढून घ्यावा याचे नियम प्रसंगापूर्वी ठरलेले असतात की प्रसंगानंतर सुचतात. मान्यवरांची यादी, अभ्यासवर्गांची संख्या किंवा शासनात शिरलेल्या माजी विद्यार्थ्यांची गणती ही या कसोट्यांची जागा घेऊ शकत नाही.

हार्वर्डच्या संस्थेने तरुणांना राजकारणाच्या समीप आणले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. 2000 पासून विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेली तिची युवक-मतपाहणी 18 ते 29 या वयोगटाचे म्हणणे नियमितपणे लोकांपुढे ठेवते. प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूने संस्थेने केलेले हे काम कमी मोलाचे नाही. परंतु समीप आणणे आणि समोरासमोर आणणे या दोन क्रिया भिन्न आहेत. पहिलीतून सत्तेची ओळख होते, क्वचित तिचा लोभही जडतो. नागरिकत्वाचा अभ्यास दुसरीतून सुरू होतो. संस्थेच्या आजवरच्या वाटचालीत पहिल्या क्रियेचे पारडे सहसा जड राहिले आहे, आणि जेव्हा ते फार झुकले तेव्हा दुसरी क्रिया विद्यार्थ्यांनी संस्थेच्या दाराबाहेर करून दाखवली आहे.