सुलेखन येतं, मजकूर लावता येत नाही

आजचा विषय आहे ग्राफिक डिझाइनचं विद्यापीठातलं शिक्षण. पूर्वी लोक याला कमर्शियल आर्ट म्हणत. पदवीच्या कागदावर आजही 'उपयोजित कला' असं लिहिलेलं असतं. चार वर्षांचा अख्खा अभ्यासक्रम एका व्याख्यानात तपासायला गेलो तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून आम्ही एकच कसोटी घेऊन आलो आहोत. ही पदवी घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला मराठी मजकुराचं एक साधं पान नीट लावता येतं का? पोस्टर नव्हे, बोधचिन्ह नव्हे. पान. आमच्या पाहण्यात तरी उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं, आणि त्यात मुलांचा दोष फार थोडा आहे.

देवनागरी शिकवतच नाहीत असं नाही, हं. शिकवतात. पण ती कुठल्या दारानं येते ते बघा. ती सुलेखनाच्या दारानं येते. बोरू, चपटा ब्रश, शाई, चार दिवसांची कार्यशाळा, आणि शेवटी भिंतीवर सुरेख 'श्री' आणि पाडव्याच्या शुभेच्छा. आम्हाला सुलेखनाचं वावडं नाही. अच्युत पालवांनी मोडीच्या वळणांतून जे उभं केलं, कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींना अक्षरांतून जो चेहरा दिला, ते मोठंच काम आहे. पण परिच्छेद मात्र इंग्रजीतून शिकवला जातो. ओळीची लांबी, ओळींमधलं अंतर, समास, स्तंभ, ग्रिड हे सगळं रोमन अक्षरांवर. म्हणजे एक लिपी सणाची आणि दुसरी कामाची. अशी वाटणी कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ज्युरीच्या दिवशी टेबलावरचे पोर्टफोलिओ चाळले की ती दिसते.

आता कुणी म्हणेल, नियम तर सारखेच, लिपी बदलली म्हणून काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. रोमन अक्षर रेषेवर उभं राहतं, आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर जसंच्या तसं वापरलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत जागा सोडली, की शिरोरेघेचे तुकडे पडतात. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द आहे! अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करायला गेलात, की अशा शब्दांमुळे ओळीत ही भगदाडं पडतात. यावर उपाय आहेत, पण ते हातानं करून पाहिल्याशिवाय येत नाहीत. आणि करून कसे पाहणार? विद्यार्थी मजकुराच्या जागी 'लोरेम इप्सम' ओततो. सिसेरोच्या लॅटिनची मोडतोड करून बनवलेला हा मजकूर कुणी वाचायचा नसतोच. मराठी ओळ कशी मोडते, हे त्याला चार वर्षांत एकदाही दिसत नाही.

आणखी बारीक गोष्ट. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. कितीतरी फाँटांत मूळ रूपं हिंदी वळणाची असतात आणि मराठी रूपं आत दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं तर ती बाहेर येतात. हे एक बटण आहे. ते पदवीधराला ठाऊक नसेल तर त्याचं मराठी पान हिंदी अक्षरांत छापलं जातं. तीच गोष्ट 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांची. ऱ्य ची सोय नसलेला फाँट निवडलात, तर स्वयंपाक्याचा निरोप गुरुजींना जायचा. हसू नका, छापील पत्रिकांत असं होतं.

यात एक विचित्र गोष्ट आहे. मुंबईत १८५७ पासून जे. जे. स्कूल आहे, तिथे १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. र. कृ. जोशी जे. जे. मध्ये शिकले, जाहिरात क्षेत्रात राहिले, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये शिकवू लागले. त्यांनी सुलेखन केलं आणि संगणकासाठी 'मंगल' हा फाँटही केला. विंडोजवर मराठी वाचलेल्या जवळपास प्रत्येकानं त्यांचं अक्षर वाचलंय, नाव माहीत नसताना. आज एक टाइपसारख्या मुंबईतल्या मंडळींनी केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' कुणालाही फुकट वापरता येतात. म्हणजे परंपरा आहे, माणसं आहेत, साधनं आहेत. वर्गातल्या रोजच्या गृहपाठात मात्र यातलं फारसं काही उतरत नाही. जोशींचा सुलेखनकार आपण उचलला. अक्षर यंत्रावर चालावं म्हणून झगडणारा जोशी तसाच ठेवून दिला.

यावर ठरलेला बचाव असतो: नोकऱ्या इंग्रजीत आहेत. हा बचाव जुना झालाय. बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, किराणा घरपोच देणारं दुकान, सगळीकडे मराठी पर्याय आहे. तो उघडून बघा. बटणावरचा शब्द अर्धा कापलेला, उकार चौकटीखाली गडप. हे काम कुणीतरी पगार घेऊन केलंय, आणि त्याला हे दिसलं नाही, कारण हे बघायचं असतं असं कुणी शिकवलंच नाही. भोगतो कोण? पेन्शनचा अर्ज चष्मा वरखाली करत वाचणारा माणूस.

आणि शिकणाराही भोगतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन, मराठी शाळेतून आलेली मुलगी पहिल्या वर्षाला बसते. फळ्यावर अक्षरं सुंदर काढते म्हणून गावात तिचं कौतुक झालेलं असतं. इथे तिला कळतं की तिची लिपी स्पर्धेपुरती आणि संमेलनाच्या कमानीपुरती. दुसऱ्या वर्षापासून ती पोर्टफोलिओत काल्पनिक कॅफेची इंग्रजी मेनूकार्डं भरायला लागते. चांगली करते, वाईट नाही. पण जे तिला वर्गातल्या इतरांहून जास्त येत होतं, त्याला गुणच नाहीत.

वेगळा विषय काढा, ऐच्छिक पेपर ठेवा, असं आम्ही म्हणणार नाही. ऐच्छिक केलं की ते पुन्हा सणाचं होतं. दुसऱ्या वर्षाच्या नेहमीच्याच अक्षररचनेच्या तासाला विजेच्या बिलाची मराठी बाजू द्या. औषधाच्या डबीतला घडीचा कागद द्या. मजकूर तोच, कागद तेवढाच, रंग एक. ज्युरीत शिक्षकांच्या जोडीला एखाद्या प्रेसमधला जुना मुद्रितशोधक बसवा, आणि त्याला ते पान चष्म्याशिवाय वाचायला सांगा.

एवढं पुरे. आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणाजवळ एखादं बिल असेल तर तेही पुढे द्या.