‘गर्द’मधील व्यसनी आणि अभ्यासाची गोळी

मराठीतील व्यसनविषयक लेखनाचा विचार अनिल अवचट यांच्या ‘गर्द’पासून करावा लागतो. ब्राऊन शुगरच्या आहारी गेलेल्या तरुणांवरील या लेखनाची परिणती २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू होण्यात झाली, त्यासाठी पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी अर्थसाह्य केले. लेखनातून संस्था उभी राहिल्याची अशी उदाहरणे थोडीच.

तथापि या यशासोबत एक मर्यादाही आली. घरातील वस्तू विकणारा, वर्गातून नाहीसा झालेला मुलगा म्हणजे व्यसनी, ही प्रतिमा वाचकाच्या मनात पक्की झाली. मिथाइलफेनिडेट किंवा मोडाफिनिल घेऊन रात्रभर वाचणारा विद्यार्थी तीत बसत नाही. तो पहिल्या बाकावर असतो आणि कौतुकास पात्र ठरतो. दोष अवचटांचा नव्हे, त्यांनी पाहिले ते लिहिले. तीच प्रतिमा गिरवणाऱ्या महाविद्यालयीन पथनाट्यांचा व निबंधस्पर्धांचा तो आहे. दुसरबीडसारख्या गावातून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यास जाणाऱ्या मुलाविषयी ‘पोरगं रात्र रात्र जागतं’ हे घरच्यांनी अभिमानानेच सांगावे, यात नवल नाही.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडी असणाऱ्यांसाठी उपयुक्त औषध होय; अशा विद्यार्थ्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे ठरेल. भारतात ते परिशिष्ट ‘एक्स’मध्ये मोडते. त्यासाठी दोन प्रतींत चिठ्ठी लागते व एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपावयाची असते. मात्र मित्राच्या डबीतून मित्राच्या हाती गेलेल्या गोळीची नोंद कोठेच होत नाही.

निरोगी व्यक्तीस तिचा लाभ तरी होतो काय? २०२३ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलबर्न विद्यापीठातील प्रयोगात ४० निरोगी स्वयंसेवकांना अवघड कूटप्रश्न देण्यात आले. उत्तेजक औषध घेतले असता त्यांची खटपट वाढली, पण तिची प्रत घसरली. कष्ट अधिक, उकल मात्र सरस नाही. शिवाय झोप उडते, भूक मंदावते, हृदयाची गती वाढते. अभ्यासाचे मोल तासांत मोजणाऱ्या वातावरणात हा तोटा विद्यार्थ्याच्या ध्यानीही येत नसावा.

अवचटांची रीत प्रत्यक्ष त्या मुलांशी बोलण्याची होती. तीच रीत घेऊन वसतिगृहांत व अभ्यासिकांत नोंदी करणे मराठी आणि मानसशास्त्र विभागांना एकत्रितपणे शक्य आहे. नाव गुप्त राहील, ही हमी तेवढी आधी द्यावी लागेल.