‘फ्लीस इन’ : सांगाडा आणि साक्ष

इंग्लिश खेड्यातील ‘पब’ला मराठीत ‘मद्यालय’ म्हटले की व्यवसाय कळतो, पण घर हरवते. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे संक्षिप्त रूप होय, आणि त्यातील ‘हाउस’ हे पद वास्तुदृष्ट्याही किती सार्थ आहे, हे वुस्टरशरमधील ब्रेटफर्टन गावच्या ‘फ्लीस इन’वरून ध्यानात येते. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे हे शेतकऱ्याचे घर. माणसे व गुरे तेथे एकाच छपराखाली राहत. १८४८ मध्ये तेथे पानगृह सुरू झाले, तरी वास्तूचे घरपण लोपले नाही.

ह्या वास्तूची स्तुती बहुधा तिच्या काळ्या-पांढऱ्या दर्शनी रूपासाठी होते. ती अपुरी आहे. अशा घरांची लाकडे काळी रंगविण्याची रूढी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील अभिरुचीमुळे फैलावली. वास्तूचे मर्म तिच्या सांगाड्यात आहे. ह्या पद्धतीत घराचा भार भिंतींवर नसून ओकच्या खांबांवर व तुळयांवर असतो. मधले गाळे आपल्याकडील कुडाप्रमाणे काटक्यांच्या विणीवर माती लिंपून भरीत. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून जोड लाकडी मेखेने पक्का करीत. त्यामुळे कुजलेला तेवढाच भाग काढून नवा बसविता येतो. दुरुस्ती ही ह्या रचनेत मुळातच गृहीत आहे.

१९७७ मध्ये लोला टॅपलिन ह्यांच्या मृत्युपत्रान्वये ही वास्तू ‘नॅशनल ट्रस्ट’कडे आली. २००४ मध्ये छपराच्या गवताला आग लागून तिची मोठी हानी झाली. पुनर्बांधणीनंतर २००५ मध्ये पानगृह पुन्हा उघडले. मग ही वास्तू जुनी म्हणावी काय? जुनेपणा केवळ द्रव्यात मानला, तर जळालेल्या भागापुरते उत्तर नकारार्थी येईल. तो रचनेत मानला, तर मूळ जोडणीस अनुसरून बसविलेले नवे लाकूडही त्याच परंपरेत मोडते.

तथापि हे दुसरे मतही सर्वस्वी ग्राह्य नाही. जुन्या लाकडावरील हत्याराच्या खुणा, मेखांची भोके, धुराची काजळी ही इतिहासाची साक्ष असते, आणि ती नव्या लाकडात उतरत नाही. सांगाडा पुन्हा उभारता येतो. साक्ष पुन्हा निर्माण करता येत नाही. म्हणूनच जीर्णोद्धाराचे मूल्यमापन करताना काय उभारले, ह्याबरोबरच जुने काय राखले, हेही पाहिले पाहिजे.